आठवी ‘ब’मधली गळती

रिफत सोलकर गावी गेली, असं शाळेने सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. एकट्या रुकैयाने मानलं नाही.

तसं न मानायला कारण काही नव्हतं. आखातात माणसं अशीच जातात. आज शेजारी असलेलं घर पुढच्या महिन्यात सामान बांधून निघतं आणि त्यांचा फ्रिज कुणीतरी उचलून नेतो. पण रिफत ही रुकैयाच्या मुलीच्या, निदाच्या बाकावरची मुलगी. डिसेंबरच्या सुट्टीआधी दोघींनी मिळून विज्ञान प्रदर्शनासाठी खारं पाणी गोडं करायचं मॉडेल बनवलं होतं. आठवडाभर रोज फोनवर त्यांची कुजबुज चालायची. गावी जायचं असतं तर पोरीने एका शब्दाने सांगितलं नसतं?

रुकैयाने विचारलं तेव्हा निदा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, “आय डोन्ट नो, मम्मा. शी लेफ्ट.”

“लेफ्ट म्हणजे काय? निरोप नाही, काही नाही?”

“पीपल लीव्ह.”

तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते वाक्य रुकैयाला कुणीतरी पढवल्यासारखं वाटलं.

रुकैया मुकादमचा स्वभावच असा होता. अबू हमूर भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती संध्याकाळच्या पाळीला रिसेप्शनवर बसे. रोज दोनदा ब्रश करतो म्हणून छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं तिने इतकी पाहिली होती की माणूस पहिल्यांदा जे बोलतो ते तिला कधी पुरं वाटतच नसे. तिचा नवरा कासम उत्तरेला अल रुवैसच्या बंदरात एका शिपिंग एजन्सीत कागदपत्रांचं काम बघायचा. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. “तुला पोलिसात घालायला हवी होती गो,” असं तो हसत म्हणायचा. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, आणि त्या हसण्यात हल्ली थोडी सावधगिरी असते, हेही रुकैयाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

शाळेला मराठी पालक आपसात ‘टेस्टवाली’ म्हणत. एका मोठ्या ट्रस्टने ती पाच वर्षांपूर्वी काढली आणि चालवायला एका संस्थेकडे सोपवली. फी बाकीच्या शाळांपेक्षा कितीतरी कमी, प्रयोगशाळा बघत राहावी अशी, शिक्षक निवडून आणलेले. प्रवेश मात्र फक्त परीक्षेवर. वशिला नाही, डोनेशन नाही. निदा सहावीला तिथे लागली तेव्हा कासमने रुवैसला अख्ख्या ऑफिसला मिठाई वाटली होती. शाळेच्या दहावीच्या पहिल्या तुकडीचा निकाल शंभर टक्के लागला आणि त्यानंतर तर प्रवेशपरीक्षेला येणाऱ्या मुलांच्या गाड्यांनी सर्व्हिस रोड तुंबायला लागला.

त्या वर्षी संस्थेची पाच वर्षांची मुदत संपत होती. ती वाढवायची की नाही हे ठरवण्याआधी ट्रस्टचे लोक फेब्रुवारीत पालकांना भेटणार होते. म्हणून अनंतरावांनी सगळ्या मराठी घरांना एका शुक्रवारी दुपारी आपल्या कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये बोलावलं. अनंतराव बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांची मुलगी दहावीला होती आणि कुठलीही बैठक आपणच घ्यायची असते, असा त्यांचा समज होता.

“आपण एका आवाजात बोललं पाहिजे,” ते म्हणाले. “आधी चांगलं काय ते बोलू, मग कमी काय ते. ममताताई, तुम्ही सुरुवात करा.”

ममता म्हणजे रुकैयाची शेजारीण. एकाच व्हिलाचे पाच भाग करून भाड्याने दिलेले, त्यातल्या दोन भागांत ही दोन घरं राहत. ममता कराडची. लग्नाआधी तिकडे एका क्लासमध्ये गणित शिकवायची. नवरा सचिन एसी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, मुलगा हर्षल निदाच्याच वर्गात. सकाळी दोन्ही पोरांना ममता गाडीतून सोडायची, दुपारी रुकैया आणायची.

“मी तर म्हणते, अशी शाळा मिळाली हे नशीब आहे आपलं,” ममता म्हणाली. “माझा हर्षल घरी येऊन विचारतो, आई, तू गणित पाठ करून शिकवायचीस का समजावून? अशी शाळा आपल्याकडे किती लाख ओतले तर मिळेल?”

“आणि मार्कांवर बसवतात ते?” मागून नीताने विचारलं. तिचा मुलगा सातवीत होता. “दर रविवारी शाळा उघडली की नवी जागा. पुढच्या बाकावर हुशार, मागे बाकीचे. शनिवारी संध्याकाळी माझ्या पोराचं पोट दुखायला लागतं. डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही.”

“थोडं टेन्शन हवंच की,” अनंतराव म्हणाले. “पुढे जगात काय कोण मांडीवर घेऊन बसणार आहे?”

“अहो, पण अकरा-बारा वर्षांचं पोर आहे ते.”

“मग साध्या शाळेत घाला ना,” कुणीतरी म्हणालं. ते नीताला टोचलं हे सगळ्यांना दिसलं, पण विषय पुढे गेला. लायब्ररी चांगली, खेळाचं मैदान लहान, अरबीचे शिक्षक उत्तम, बस उशिरा येते. पराठे आणि कडक चहा आला. अनंतराव एकेक मुद्दा मोबाईलवर टिपून घेत होते.

तेव्हा रुकैया म्हणाली, “एक विचारू? सहावीत ‘ब’ वर्गात पोरं मावत नव्हती, जास्तीच्या खुर्च्या आणल्या होत्या. आता आठवीत मागची अख्खी रांग रिकामी आहे. ती पोरं गेली कुठे?”

“ट्रान्सफर, भाभी,” अनंतराव म्हणाले. “लोकांच्या नोकऱ्या जातात.”

“बरोबर मागच्या रांगेतल्यांच्याच जातात?”

नीताने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ममता चटकन म्हणाली, “भाभी, प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच असं नाही गं. उगाच ट्रस्टच्या लोकांसमोर असलं बोललो आणि शाळाच बंद पडली तर? आपली पोरं जाणार कुठे?”

बोलताना तिचा आवाज किंचित चिरकला. रुकैयाने ते मनात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी शाळेच्या फाटकाशी कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या. एरवी त्या लांबून मान हलवायच्या. आज मुद्दाम जवळ आल्या, गाडीच्या खिडकीशी वाकल्या आणि हिंदीत गोड आवाजात म्हणाल्या, “मिसेस मुकादम, ऐकलं तुम्ही आमच्या खुर्च्या मोजता. काही शंका असली तर आमच्याकडे या ना. बाहेर बोलल्याने मुलांचंच नुकसान होतं.”

रुकैयाने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर निदा आणि हर्षल दोघेही खिडकीबाहेर बघायला लागले होते. क्लबहाउसमधलं बोलणं शाळेत पोचलं होतं. पोचवणारा त्या खोलीतलाच होता, आणि रुकैयाच्या मनात एकच नाव आलं.

त्या दिवसापासून ती ममताकडे वेगळ्या नजरेने बघू लागली, आणि असं बघायला लागलं की दिसायला काय कमी असतं? रुकैया दवाखान्यात गेली की निदा ममताकडे जाते, हे तिला ठाऊक होतं. प्रोजेक्ट आहे, असं निदा सांगे. पण रोज कसला प्रोजेक्ट? ममताच्या घरचं दार हल्ली आतून लावलेलं असे. आणि कासम! शुक्रवारी नमाज पढून परतला की गाडीतून उतरून तो आधी फाटकाशी ममताशी बोलत उभा राही. रुकैया दारात आली की दोघांचं बोलणं तुटे आणि ममता “चला, कुकर लावायचाय” म्हणत आत जाई. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा रुकैयाच्या मनात भलताच विचार आला. तिने तो झटकला. झटकला तरी तो पुरता गेला नाही.

मध्येच एका सकाळी ती नजम्याला, शहराच्या जुन्या वस्तीत गेली. तिथे एका गल्लीत कोकणी माणसाचं दुकान आहे, कोकम आणि सुके बोंबील तिथे मिळतात. बॅचलर खोल्यांमधली, घरदार गावी ठेवून आलेली माणसं कॅफेटेरियाच्या दारात चहा घेत उभी होती. दुकानात शिरताना समोर जी बाई पिशवी घेऊन वळली तिला बघून रुकैया जागीच थबकली. रिफतची आई होती ती, हलिमा.

“तुम्ही गावी गेलात ना?”

“आम्ही?” हलिमा गोंधळली. “आम्ही कुठं गेलो गावी? हे काय, मागंच तर आमचा कॅफेटेरिया हाय. तिथंच राहतो.”

“आणि रिफत?”

हलिमाने इकडेतिकडे बघितलं. मग रुकैयाच्या कोपराला धरून तिला तांदळाच्या पोत्यांमागे नेलं.

“तिला दुपारच्या पाळीच्या शाळेत घातली. रिफतच्या बापाला नोव्हेंबरात शाळेत बोलावून घेतलं. म्हणले, पोरगी चांगली हाय, पण आमच्यात जड जातंय तिला. नववीत गेली नि नापास झाली तर दाखल्यावर डाग लागेल. आत्ताच काढलीत तर आम्ही छान शेरा देऊ. नि कुणाकडे बोलू नका, हा फक्त तुमच्या पोरीचा प्रश्न हाय, तिचीच बदनामी होईल.”

“लिहून दिलं काही?”

“कुठलं लिहून? समोर बसवून चहा पाजला नि सांगितला.” हलिमाचे डोळे भरले. “पोरगी म्हयनाभर जेवली नाय धड. म्हणते, निदाला कळलं तर ती काय म्हणेल, मी ढ होते म्हणून काढली? तिने फोन नंबर पण बदलायला लावला. भाभी, तुमच्या पाया पडते, माझं नाव काढू नका कुठं.”

रुकैयाने शब्द दिला. कोकम न घेताच ती बाहेर पडली.

म्हणजे आपली शंका खरी होती, शंभर टक्के निकालासाठी मागची रांग आधीच रिकामी केली जात होती. गाडी चालवताना तिला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटत होती ती भीती. रिफत आणि निदा एकाच बाकावर बसत होत्या. आणि जागा मार्कांवर मिळत होत्या.

येत्या गुरुवारी कासम आला की सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं. त्या गुरुवारी दवाखान्यात डॉक्टर आलेच नाहीत, वाळूचं वादळ होतं आणि पेशंटही फिरकले नाहीत. रुकैया दिवस मावळायच्या, मगरिबच्या नमाजाच्या आधीच घरी परतली. फाटकाशी कासमची गाडी उभी होती, धुळीने माखलेली. घराला कुलूप. ममताच्या दारासमोर मात्र कासमच्या चपला होत्या.

रुकैयाने बेल वाजवली नाही. दार ढकललं तर ते उघडंच होतं.

जेवणाच्या टेबलाशी निदा आणि हर्षल शेजारी शेजारी बसले होते. समोर कागदांचा पसारा. ममता हातात पेन घेऊन उभी, भिंतीवर टेकवलेल्या पांढऱ्या फळ्यावर बीजगणित. कासम सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसला होता आणि आपल्या मुलीकडे अशा नजरेने बघत होता, जशी माणसं दवाखान्यात आपल्या माणसाकडे बघतात.

निदाने समोरचे कागद गोळा केले.

“कधीपासून?” रुकैयाने विचारलं.

“भाभी, बसा तरी...” ममता म्हणाली.

“मी तुला नाही विचारलं. कासम, कधीपासून?”

कासमने कप खाली ठेवला. “नोव्हेंबरपासून,” तो म्हणाला. “त्यांनी मना बोलावून घेतलं होतं.”

पुढचं त्याने सांगायची गरजच नव्हती. चांगली मुलगी आहे, पण जड जातंय, छान शेरा देऊ, कुणाकडे बोलू नका. रुकैयाला सगळं पाठ होतं. फरक एवढाच, की कासम त्यांच्यापुढे गयावया करून वर्षअखेरपर्यंतची मुदत मागून आला होता, आणि परतल्यावर त्याने ममताला गळ घातली होती की तेवढं गणित पोरीकडून करून घे. ममताने एका शब्दाने आढेवेढे घेतले नव्हते.

निदाला आणि हर्षलला तिथेच ठेवून दोघं आपल्या घरी आली. रुकैयाने दार लावलं.

“सगळ्यांना माहीत. शेजारणीला माहीत, पोरीला माहीत. मी कोण आहे या घरात?”

“तुला सांगितला असता तर तू दुसऱ्या दिवशी तिला तिथून काढली असतीस.”

“हो, काढली असती!”

“नि घातली कुठं असतीस?” कासमचाही आवाज चढला. “सगळीकडे जागा भरलेल्या. अगो, ती पोरगी घरी येऊन मना सांगते, समुद्राचं पाणी गोडं कसं करतात. मी रोज समुद्राच्या काठाला बसून कागद भरतो, मना कधी कुणी सांगितला ते? नववीत शाळा सुटली माझी. तिची नाय सुटता कामा. त्या शाळेत काय वाईट हाय सांग. शिकवत नाय?”

“शिकवतात. ज्यांना येतं त्यांना शिकवतात.”

“जगात सगळं तसंच असतं.”

“मग मला सांगायला तोंड का शिवलं होतं तुझं? चांगल्या गोष्टी का लपवतो माणूस?”

कासमने वादळाने पिवळ्या झालेल्या खिडकीचा पडदा ओढला. मग म्हणाला, “लाज वाटली. त्या बाईने असं सांगितलं की जसं काय आपल्याच घरात खोट हाय.”

रुकैयाने त्याला हलिमाची गोष्ट सांगितली, हलिमाचं नाव न घेता. तेच शब्द, तोच चहा, तोच महिना. कासम ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

“म्हणजे आपण एकटे नाय?”

“प्रत्येकाला तेच सांगतात, तुम्ही एकटे म्हणून.”

सकाळी तिने निदाला गाडीत घेतलं आणि समुद्राकाठी कॉर्निशला नेलं. शुक्रवारची सकाळ, वादळानंतर हवा निवळली होती. दोघी पाण्याकडे तोंड करून बसल्या. विचारायचं कसं हेच रुकैयाला सुचत नव्हतं. शेवटी निदाच बोलली, आणि मराठीत बोलली. घरात ती मराठी ऐकायची सगळी, पण उत्तर इंग्रजीत द्यायची.

“मला सगळं येतं, मम्मा. मला फक्त वेळ लागतो.”

“मग त्यांना सांग ना तसं.”

“टेस्टला टाइम असतो. रिफतला पण वेळच लागायचा. आम्ही दोघी शेवटी पेपर द्यायचो, म्हणून आम्ही फ्रेंड्स झालो.” ती थांबली. “पप्पा रडले होते, गाडीत. तुला नको सांगू म्हणाले.”

“तुला काय हवंय? राहायचंय का जायचंय?”

निदाने खूप विचार केला. “मला जायचं नाहीये. पण त्यांना नको असेल तर मला राहायचं पण नाहीये. आय डोन्ट नो. तू ओरडू नको ना पप्पांना.”

रुकैयाने तिला जवळ घेतलं. निदाने घेऊ दिलं, ही गोष्टही हल्ली दुर्मिळ झाली होती.

ट्रस्टची भेट शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात होती. व्यासपीठावर ट्रस्टची तीन माणसं, मधोमध काळा पायघोळ अबाया घातलेली एक प्रौढ बाई, शेजारी मुख्याध्यापक आणि कोऑर्डिनेटर मॅडम. सगळ्या देशांचे पालक आले होते. अनंतरावांनी मराठी घरांच्या वतीने सफाईदार इंग्रजीत भाषण केलं, लायब्ररीपासून निकालापर्यंत सगळं आलं, बस उशिरा येते तेही आलं. टाळ्या झाल्या. आणखी चार जण बोलले, सगळे खूश होते. कोऑर्डिनेटर मॅडम हसऱ्या चेहऱ्याने पालकांकडे बघत होत्या.

रुकैया उठली. कासम तिच्या शेजारी बसला होता, तोही उठला. हे आधी ठरलेलं नव्हतं. तिचं इंग्रजी दवाखान्यापुरतं होतं. तेवढ्याच इंग्रजीत ती बोलली.

ती म्हणाली, आमची मुलगी निदा, आठवी ‘ब’. या वर्षानंतर तिला इथून काढा, असं आम्हाला नोव्हेंबरात तोंडी सांगण्यात आलं. कुणाकडे बोलू नका, असंही सांगितलं. आज आम्ही सगळ्यांकडे बोलतो आहोत. शाळा चांगली शिकवते, ते मी नाकारत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की असं सांगितलेलं इथे आणखी कुणाचं घर आहे का?

कोऑर्डिनेटर मॅडम पुढे झाल्या. “ही अत्यंत खासगी बाब आहे, मुलीच्या हितासाठी...”

“त्या स्वतःच सांगताहेत,” अबाया घातलेली बाई शांतपणे म्हणाली. “बोलू द्या.”

रुकैया उभीच राहिली. आपण पोरीला चार लोकांत उघडं पाडलं की काय, असं तिला वाटायला लागलं. तेवढ्यात मागे एक खुर्ची सरकली. नीता उभी राहिली होती. तिने नुसता हात वर केला. मग दाराजवळून एक मल्याळी गृहस्थ उठले, मग एक इजिप्शियन आई, मग तिच्या पुढच्या रांगेतलं एक श्रीलंकन जोडपं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अनंतराव मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

रुकैयाने सहज ममताकडे बघितलं. ती तिसऱ्या रांगेत सचिनच्या शेजारी बसली होती. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होती. ती उठली नाही.

त्यानंतर काही आभाळ कोसळलं नाही. संस्थेला पाच वर्षांऐवजी एक वर्षाची मुदत मिळाली. लेखी कारण दिल्याशिवाय कुठल्याही मुलाला काढायचं नाही, अशी अट ट्रस्टने घातली. कोऑर्डिनेटर मॅडम होत्या तिथेच राहिल्या. फक्त फाटकाशी आता त्या रुकैयाला बघून दुसरीकडे वळायच्या. काढलेल्या मुलांना परत बोलावण्यात आलं, रिफतलाही, पण ती गेली नाही. दुपारच्या शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या. निदा मात्र राहिली. तिने एकदा हलिमाकडून नवा नंबर मिळवून रिफतला फोन केला, खूप वेळ बोलून घेतलं, आणि नंतर जाहीर केलं की नववी इथेच करणार. गणितात तिला बेताचेच मार्क पडले. कासमला ते मार्क खरे वाटत होते, रुकैयाला नाही. ती आता निदाच्या प्रत्येक पेपरवरची लाल खूण दोनदा तपासायची, कुणी मुद्दाम मार्क कापले नाहीत ना, म्हणून.

ममताकडे निदाचं जाणं सुरू राहिलं. रुकैयाने अडवलं नाही, पण स्वतः तिने त्या दाराचा उंबरा ओलांडला नाही.

जूनमध्ये ममताच्या दारात खोकी दिसायला लागली. सचिन एकटाच मागे राहणार होता, नजम्याला कंपनीच्या माणसांसोबत खोलीत. ममता आणि हर्षल कराडला जाणार होते. कारण विचारलं की ती सासूच्या गुडघ्याचं सांगायची.

निघायच्या दिवशी दुपारी रुकैया गेली. घर रिकामं झालं होतं. भिंतीवर फळ्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता. ममता शेवटच्या खोक्याला टेप लावत होती. टेपचं टोक सापडत नव्हतं, म्हणून नखाने खरवडत बसली होती.

“गुडघा हे कारण नाही,” रुकैया म्हणाली.

ममताने टेप खाली ठेवली. “नाही.”

“हर्षललाही सांगितलं होतं?”

“सगळ्यांच्या आधी. ऑक्टोबरात. आता नव्या अटीप्रमाणे लेखी कारणही दिलं, गणिताचे मार्क.” तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. “मी गणिताची शिक्षिका गं, भाभी. लोकांना काय तोंड दाखवायचं? ट्रस्टच्या सभेत उठले असते तर सचिनला तिथेच पहिल्यांदा कळलं असतं. त्यालाही मी सांगितलं नव्हतं.”

रुकैयाच्या मनात एक प्रश्न इतके महिने अडकून बसला होता. आता तो विचारण्यात अर्थ होता की नाही, तिला ठरवता येत नव्हतं. ममतानेच ते सोपं केलं.

“क्लबहाउसमधलं मीच सांगितलं मॅडमना. तुम्ही खुर्च्या मोजल्यात ते. वाटलं, आपण त्यांच्या बाजूच्या आहोत असं दिसलं तर हर्षलला ठेवतील.” ती थांबली. “त्यांनी नुसतं थँक यू म्हटलं. नीताच्या पोराचं पोट दुखतं, तेही सांगितलं मी.”

बाहेर सचिनने हॉर्न वाजवला. भाड्याच्या पिकअपमध्ये फ्रिज चढवला जात होता.

रुकैयाला राग येईल असं वाटलं होतं. थोडा आलाही. पण त्याहून जास्त तिला त्या फळ्यासमोर पेन घेऊन उभी असलेली ममता आठवत होती. स्वतःच्या पोराचं सगळं हातातून निसटत असताना दुसऱ्याच्या पोरीला समीकरणं सोडवायला शिकवत उभी होती ती. या दोन्ही बायका एकच कशा, हे तिला उमगत नव्हतं. माफ केलं असं म्हणणं तिच्या जिभेवर येईना, आणि नाही केलं असं म्हणावंसंही वाटेना.

तिने खाली वाकून टेपचं टोक नखाने उचकटलं, खोक्यावर घट्ट ओढून लावलं आणि उरलेली टेप दातांनी तोडली.

“पिकअपमध्ये कशाला कोंबून जाताय सगळे?” ती म्हणाली. “यल्ला, चल, हर्षलला बोलाव. एअरपोर्टला मी सोडते.”